सकाळची गोळी, दुपारची पुडी

आज सहा आठवडे पूर्ण झाले. उद्या सकाळी रक्त द्यायचे आहे, म्हणून झोपण्यापूर्वी या दिवसांत काय काय घडले ते वहीत उतरवून ठेवते आहे.

सहा आठवड्यांपूर्वी माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले की वाढणारा रक्तातला आकडा, ९.२ आला. त्याआधी दोन वर्षे तो ४ च्या आत स्थिर होता आणि ते संप्रेरक भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी मी रोज न चुकता उपाशीपोटी घेत होते. अहवाल हातात पडला तेव्हा आता डोस वाढतच जाणार, या विचाराने माझे पाय गळाले. डॉक्टरीणबाईंनी मात्र डोसाचे नावही काढण्याआधी विचारले, "मधल्या काळात नवीन काय सुरू केलंत?" मी म्हणाले, "औषध तर काहीच नाही." हे मी अगदी मनापासून सांगितले होते, कारण वैद्यांनी आम्लपित्तासाठी दिलेल्या प्रवाळपिष्टीच्या पुड्या मी औषधांत धरतच नव्हते. त्यांनी पुन्हा खोदून विचारले तेव्हा कुठे पुडी आठवली.

फिकट गुलाबी, बोटाला लागली तर जाणवूही नये इतकी तलम ती पूड मी मधातून चाटत असे, तीही सकाळच्या गोळीनंतर दहा-पंधरा मिनिटांत. दोन्ही सकाळीच घ्यायचे आहे, तर एकदमच उरकून टाकावे, असे मला वाटले होते. पण प्रवाळ म्हणजे पोवळे, आणि पोवळे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियमशी गाठ पडली की लेव्होथायरॉक्सिन त्याला धरून बसते आणि आतड्यातून रक्तात पुरेसे उतरत नाही. शिवाय गोळी नीट विरघळायला जठरात आम्ल लागते, आणि पुडीचे काम मुळी आम्ल शमवण्याचेच आहे. शंखभस्मातही कॅल्शियमच असते. लोहभस्म आणि मंडूरभस्म यांत लोह असते, आणि तेही या गोळीला तसेच अडवते. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात, हे मला ठाऊक होते. पण तोच नियम कागदाच्या पुडीलाही लागू होतो, हे माझ्या डोक्यात कधी आलेच नाही.

"डोस तोच राहू द्या, पुडीची वेळ बदला, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू," असे त्या म्हणाल्या. सहा आठवडे का, हे मी आता कुणीही न सांगता समजू शकते. थायरॉक्सिनचे, म्हणजे गोळीतून मिळणाऱ्या संप्रेरकाचे, शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे कोणताही बदल रक्तात पुरता स्थिरावायला पाच-सहा आठवडे जावे लागतात.

हे सात दिवसांचे गणित मी फार महागात शिकले आहे. तीन वर्षांपूर्वी, निदान होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, जन्मभर गोळी घ्यायची या कल्पनेला कंटाळून मी ती स्वतःच्या मनाने बंद केली आणि फक्त काढ्यांवर राहिले. पहिले दहा-बारा दिवस इतके बरे गेले की काढाच लागू पडला, अशी माझी खात्री झाली. प्रत्यक्षात मी आधी घेतलेल्या गोळ्यांच्या शिल्लकीवर चालत होते. पाचव्या आठवड्यात जिना चढताना मध्येच बसावे लागले, आवाज जड झाला, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली. माझा आजार हाशिमोटोचा आहे. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी ज्याचे वर्णन केले, तोच. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उठते, आणि ग्रंथीला जे बनवता येईनासे होते ते संप्रेरक बाहेरून द्यावेच लागते. ती जागा काढा भरून काढू शकत नाही, हे मी माझ्या शरीरावर पाहिले आहे.

तरीही मी वैद्यांकडे जाणे सोडले नाही, आणि त्याबद्दल मला कुणापुढे संकोच वाटत नाही. टीएसएच ताळ्यावर असतानाही माझे पोट साफ होत नसे, रात्री दोनला जाग येत असे, दुपारी अंग जड होऊन जाई. वैद्यांनी पाऊण तास बसवून घेऊन भूक, झोप, पाळी, मनःस्थिती असे सगळे विचारले. मी गलगंडाचा विषय काढला तेव्हा ते सरळ म्हणाले, "सुश्रुतांनी वातज, कफज, मेदोज असा गलगंड सांगितला आहे, पण ते गळ्यावरच्या सुजेचं वर्णन आहे. तुमच्या अहवालातला आकडा मी त्यावरून सांगणार नाही. गोळी चालू ठेवा, मी अग्नीकडे, म्हणजे पचनाकडे, आणि झोपेकडे बघतो." या प्रांजळपणामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ठरावीक वेळी जेवण, रात्री लवकर अंथरूण आणि पोटासाठी त्रिफळा, एवढ्याने मला जे स्वास्थ्य मिळाले ते गोळीने एकटीने दिले नव्हते.

अश्वगंधा मात्र त्यांनी मला दिली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५० जणांच्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे अश्वगंधा घेतल्यावर थायरॉइडचे आकडे सुधारलेले दिसले होते. पण ते सर्व सौम्य अवस्थेतले रुग्ण होते. जी वनस्पती संप्रेरक वाढवू शकते, ती आधीच गोळी घेणाऱ्याला छातीत धडधड आणि हातांना कंपही आणू शकते. इतरांचे ऐकून ती आपल्या मनाने सुरू करणाऱ्या बायका मला भेटतात तेव्हा काळजी वाटते.

सहा आठवडे क्रम असा राहिला: उठल्याबरोबर पाण्याबरोबर गोळी, तासाभराने चहा, आणि पुडी थेट दुपारच्या जेवणानंतर, ती वेळही वैद्यांना विचारूनच. आता वहीच्या एकाच पानावर दोघांची औषधे लिहिलेली असतात आणि ते पान मी दोघांनाही दाखवते. केसांसाठी घेत असलेले बायोटिन परवापासून थांबवले आहे, कारण त्याने टीएसएचचा आकडा खोटाच कमी दिसू शकतो.

जिना गेल्या आठवड्यापासून न थांबता चढते आहे. उद्याची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, म्हणून बाटली उशाजवळून उचलून पर्समध्ये ठेवली आहे.