हाफकिन इंग्रज नव्हता

"हाफकिन म्हणजे कोणीतरी इंग्रज गव्हर्नर असणार." आज परळला हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जाताना बसमध्ये पुढच्या सीटवरचे काका नातवाला सांगत होते. माझा स्टॉप आला, उतरले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

गव्हर्नर कसला! वाल्देमार हाफकिन ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, लोक शहर सोडून पळत होते, आणि हा माणूस त्याच मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एवढ्याशा जागेत लस बनवायला बसला.

प्लेगचे जंतू वाढवायला त्यानं मांसाच्या रश्शावर काय सोडलं असेल? आपलं तूप! तुपाच्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेनं मारायचे आणि त्याचीच लस. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्यानं स्वतःला टोचून घेतली. तोही नंतर इतरांना दिलेल्या डोसपेक्षा कितीतरी मोठा डोस. ताप चढला, तरी काम चालूच. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी लस घ्यायला स्वेच्छेनं पुढे आले.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले आणि सगळा ठपका ह्याच्यावर आला. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. हे वाचलं की मला आजही संताप येतो.

त्या काकांवर राग नाही. आम्हालाही शाळेत कोणी हे सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरात प्लेगच्या काळातली एखादी आठवण पणजोबा-पणजीकडून आलीय का? असेल तर इथे नक्की लिहा.