बटाटा कुठल्या गावचा?

मार्केट यार्डात बटाटा घ्यायला गेलं की आपण एकच प्रश्न विचारतो, आग्रा का इंदोर? दुकानदार जे सांगेल ते खरं धरायचं, पोतं रिक्षात टाकायचं आणि घरी यायचं. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, त्यामुळं बटाटा रोजचाच आणि त्याचा वैतागही रोजचाच. एका पोत्यातला उकडला की मस्त भुसभुशीत होतो, वडा एकदम फक्कड जमतो, आणि पुढच्याच पोत्यातला असा चिकट निघतो की सारण हाताला सोडत नाही. काचऱ्यांचं तर विचारूच नका, कढईत टाकल्या की बघता बघता काळ्या पडतात आणि वर खायला गोडसर. गिऱ्हाईक म्हणतंय, ताई भाजीत साखर घातलीय काय? आता साखर मी नाही घातली, कोल्ड स्टोरेजनं घातली. बटाटा ४ अंशांच्या खाली बरेच दिवस ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, आणि तीच मग तापल्या तेलात काळी पडते.

व्हिएन्नात माझी एक शाळेतली मैत्रीण राहते, तिच्यापुढं फोनवर हे सगळं रडगाणं गायलं तर तिनं उत्तर म्हणून तिथल्या बाजारातला एक फोटोच पाठवला. बटाट्याच्या ढिगावर पाटी, आणि पाटीवर जात कुठली, कुठल्या भागातनं आलाय, शिजल्यावर घट्ट राहणार का पिठूळ होणार, सगळं लिहिलेलं. मी तर बघतच राहिले. तेव्हापासून ऑस्ट्रियातल्या बटाट्याचा जो नाद लागलाय तो काय सुटेना, म्हणून आज त्यावरच लिहिते. शेतीत इंटरेस्ट नसला तर सॅलडपर्यंत तरी थांबा.

आधी एक मजेशीर गोष्ट. बटाटा व्हिएन्नात पोचला १५८८ मध्ये, क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडं, दोनच कंद. पुढं १६२१ मध्ये झाइटनश्टेटन मठाच्या मठाधिपतीनं एक पुस्तक छापलं, त्यात चक्क बटाट्याच्या सॅलडची कृती आहे. म्हणजे खायची रीत कळलेली, बागेत झाडं लावलेली, आणि तरी शेतकऱ्यांनी पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं त्याला वावरात घेतलंच नाही. शेवटी १७६१ मध्ये लक्झेंबर्गकडनं आलेल्या योहान एबरहार्ड युंगब्लुट नावाच्या पाद्र्यानं प्रिन्त्सेनडॉर्फ या गावात बटाटा लावून घेतला, त्याला अजून तिकडं बटाट्याचा पाद्री म्हणूनच ओळखतात. पण खरी लागवड वाढली ती १७७०-७२ च्या भुकेच्या वर्षांत, धान्य हातचं गेलं तेव्हा. १८१६ ला पुन्हा तेच, इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला त्याच्या पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच नीट आला नाही, धान्य पिकलं नाही, आणि बटाट्याला मान मिळाला. पोटाला चिमटा बसल्याशिवाय शेतकरी नवं पीक धरत नाही, इकडं काय नि तिकडं काय.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग, लुंगाऊ. साल्झबुर्ग राज्याच्या दक्षिण टोकाला, चारी बाजूंनी डोंगर आणि मधी खोरं, मुर नदी तिथंच उगम पावते. खोऱ्याचा तळच हजार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या पन्हाळ्यापेक्षा उंचावर यांची वावरं. १९७५ ला हायवेचा बोगदा झाला, त्याआधी उत्तरेकडनं यायचं तर घाट चढूनच यायचं. ऑस्ट्रियातल्या सगळ्यात गार जागांत याचं नाव घेतात. पाऊस बेताचा, माती हलकी, वाळूसारखी, द्राक्षं नाहीत, मका नीट येत नाही, नुसतं गवत, गाई, थोडी राय नाहीतर ओट ही धान्यं आणि एका तुकड्यात बटाटा. वाचताना वाटतं की असल्या ठिकाणी शेतकऱ्यानं करायचं तरी काय. पण बटाटा तिथं जो होतो त्याला तोड नाही म्हणतात, आणि त्याचं कारण नुसती चव नाही, कारण आहे मावा.

मावा म्हणजे पानामागं चिकटून रस शोषणारी ती बारकी किड. ती रस पिते ते सोडा, ती एका झाडाचा व्हायरस दुसऱ्या झाडाला लावत सुटते. बटाट्यात हा व्हायरस पानातनं कंदात उतरतो, आणि तोच कंद पुढच्या वर्षी बेणं म्हणून लावला की नवं झाड जन्मापासनंच आजारी. पानं गुंडाळतात, झाड खुरटतं, बटाटे बारीक पडतात. वर्षागणिक बेणं असं उतरत जातं. पण लुंगाऊसारख्या उंच, गार, वाऱ्याच्या जागी माव्याचं फारसं चालत नाही, म्हणून तिथलं बेणं निरोगी राहतं आणि खालच्या गरम भागातल्या शेतकऱ्यांना ते हवं असतं. ज्या गारठ्यानं बाकीची पिकं येईनात त्याच गारठ्यानं बटाटा राखला. तिथल्या बोलीत बटाट्याला एअख्टलिंग म्हणतात आणि 'लुंगाउअर एअख्टलिंग' याच नावानं तो विकतात, आग्रा-इंदोर भानगड नाही.

तसं आपल्याकडंही शास्त्र तेच. बटाट्याची केंद्रीय संशोधन संस्था शिमल्याला आहे ती काय थंड हवा खायला नाही. आपल्या जातींच्या नावात जे 'कुफरी' असतं, कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, ते शिमल्याजवळच्या कुफरी गावावरनं. आधी चांगलं बेणं डोंगरातनंच यायचं. मग डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं की उत्तरेच्या मैदानात थंडीच्या काही महिन्यांत मावा कमी असतो, तेवढ्यात बेणं उरकून घेतलं तर ते निरोगी निघतं. म्हणून आज पंजाबातलं, जालंधरकडचं बेणं सगळ्या देशात जातंय, महाराष्ट्रातसुद्धा.

आमचे मामा चंदगडचे, बेळगावच्या बाजूला. पावसाळी बटाटा लावतात, पूर्वीइतका नाही पण एक पट्टी असतेच. बेणं आलं की मामी सोप्यात विळी घेऊन बसणार, प्रत्येक बटाटा फिरवून डोळे बघणार, आणि असा तुकडा पाडणार की प्रत्येकाला निदान दोन डोळे आले पाहिजेत. मग तुकडे राखेत घोळून सावलीत पसरायचे, कापलेली बाजू सुकली की सरीत. मधनंच एखादा बटाटा आतनं काळा निघतो, तो मामी नुसती बाजूला टाकत नाही, विळीचं पातं पण पुसून घेते, आणि हे तिला कुठल्या कृषी अधिकाऱ्यानं शिकवलेलं नाही. ऑस्ट्रियात बेणं सहसा कापतच नाहीत. ३५ ते ५५ मिलिमीटरचा, अंड्याएवढा अख्खा बटाटाच लावतात, कारण कापलं की कुजायची भीती आणि पात्यानं रोग पसरायची भीती, जी मामीलाही आहेच, फक्त अख्खं लावायचं तर बेणं जास्त लागणार आणि ते परवडणार कुणाला.

लावायच्या आधी तिकडं बेणं पसरट लाकडी ट्रेमध्ये, उजेडात, काही आठवडे ठेवतात. अंधारात कोंब लांब पांढरे लोंबकळतात, लावताना मोडतात. उजेडात आखूड, जाड, जांभळट कोंब येतो आणि तो टिकतो. लुंगाऊत बर्फ जाऊन माती ऊबदार व्हायलाच मे उजाडतो आणि सप्टेंबरात काढणी, मधी हंगाम एवढासा, त्यामुळं कोंब आधीच फुटलेला असला की तेवढेच दिवस हाताशी येतात. मग सरी, झाडं वर आली की मातीची भर, नाहीतर उघडा पडलेला बटाटा उन्हानं हिरवा होतो आणि हिरवा बटाटा खायचा नाही, त्यात सोलॅनिन असतं. हे सगळं आपल्यासारखंच. एका वावरात बटाटा घेतला की पुन्हा तिथं तीन-चार वर्षं बटाटा नाही, मधी धान्य, मधी क्लोव्हरचं गवत, त्यावर गाईंचं शेण. शेवटी पाला वाळला तरी लगेच उकरत नाहीत, दोन-तीन आठवडे जमिनीतच ठेवतात, तेवढ्यात साल पक्की होते. अंगठ्यानं घासून साल निघाली की समजायचं अजून कच्चा आहे. मामा पण हाच अंगठा लावून बघतात.

एक किडा मात्र त्यांच्याकडं आहे आणि आपल्याकडं नाही, कोलोरॅडो भुंगा. पिवळा, पाठीवर दहा काळे पट्टे, अमेरिकेतनं पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये शिरला आणि मग सगळ्या युरोपभर. अख्ख्या झाडाची पानं फस्त करतो. युद्धानंतरच्या काळात शाळेच्या पोरांना वावरात नेऊन हातानं हे भुंगे वेचायला लावायचे. लहान शेतकरी अजूनही सरीसरीनं फिरून वेचतात.

दुसरा मोठा भाग म्हणजे वाल्डफिर्टेल, चेक सीमेला लागून. ग्रॅनाइटचा खडक, वावरात धोंडेच धोंडे, इथंही हवा गारच. बटाट्याचा स्टार्च काढायचा मोठा कारखाना ग्म्युंडला आहे, आणि माइरेस गावात शेतकऱ्यांची बियाणं सहकारी संस्था आहे, तिथनंच 'डिट्टा' ही पिवळ्या गराची जात निघाली जी आज ऑस्ट्रियात घरोघरी खातात. सहकारी म्हटल्यावर कोल्हापूरकराचे कान टवकारणारच. आपण ऊस आणि दुधात सहकार केला, त्यांनी बटाट्याच्या बेण्यात केला.

सगळं गोड गोड चाललंय असं पण नाही. सगळ्या देशात मिळून बटाटा २० ते २२ हजार हेक्टरवर. २०१८ ला दुष्काळ आणि वर वायरवर्म, म्हणजे जमिनीतला तारेसारखा अळीचा प्रकार, बटाट्याला भोकं पाडत आत शिरतो, असा बटाटा कुणी घेत नाही. माल कमी पडला आणि दुकानात इजिप्तचा बटाटा लागला, त्यावरनं तिकडं बोंबाबोंब झाली. लहान शेतकरी बटाटा सोडून देतायत हे तिथंही खरंच.

आता सॅलड. 'किप्फलर' म्हणून एक बोटासारखी लांबोडकी, वाकडी जात आहे, शिजली तरी चकती मोडत नाही. सालासकट उकडायची, गरम असतानाच सोलून चकत्या करायच्या, आणि त्यावर मेयोनेज नाही, तर गरम बीफचं सूप, व्हिनेगर, बारीक कांदा, मोहरीची पेस्ट, तेल. गरम बटाटा ते सूप पिऊन घेतो आणि कडेनं थोडा विरघळून आपोआप दाट रस होतो. मी भाज्यांचं सूप घालून केलं, बटाटा मात्र पोत्यातला घट्ट निघाला तोच वापरला, जमलं की! वर हिरवी मिरची घातली हे मैत्रिणीला सांगितलेलं नाही. पिठूळ बटाट्याचे ते उकडीचे गोळे करतात, वाल्डफिर्टेलमध्ये निम्मा कच्चा किसलेला आणि निम्मा उकडलेला घालून. तात्पर्य, वडा करायला पिठूळ आणि रश्शाला घट्ट, हे त्यांनी विकतानाच सांगून टाकलंय. आणि हिवाळ्याचा साठा अजूनही बरीच घरं थेट शेतकऱ्याच्या दारातनं पोत्यानं उचलतात आणि तळघरात, अंधारात, गार जागी ठेवतात. मंचरकडं शेतकरी अरण लावतात, झाडाखाली बटाट्याचा ढीग करून वर पालापाचोळा, त्याचंही काम तेच, अंधार आणि गारवा.

हे वाचून माझ्या डोक्यात आलं की मग आपल्या चंदगड-आजऱ्याच्या डोंगरात बेणं का करू नये. पण नाही जमणार. आपला डोंगर गार असतो तो पावसानं, आणि त्या पावसात करपा रोग असा धुमाकूळ घालतो की बेणं सोडा, खायला राहिलं तरी पुष्कळ. लुंगाऊचा गारवा कोरडा आहे, सगळा खेळ त्यावर आहे. त्यामुळं पंजाबचं बेणं आपल्याला सुटायचं नाही.

नाव मात्र लावता येईल. ऑस्ट्रिया सरकारनं २००५ पासून भागाभागाच्या पिकांना 'गेनुस रेगिऑन' म्हणून ओळख द्यायला घेतलं, त्यात हा लुंगाऊचा बटाटाही घेतला. आपण पण आजरा घनसाळ तांदळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळवलाच की, कोल्हापुरी गुळाला मिळवला. चंदगडचा पावसाळी बटाटा लाल मातीतला, ताजा, कोल्ड स्टोरेज न बघितलेला, माझ्या काचऱ्या त्याच्या कधी काळ्या पडत नाहीत. पण तो यार्डात आला की बाकीच्या ढिगात मिसळतो आणि तिथनं पुढं त्याला कुणी ओळखत नाही.

मामांना म्हटलं, मामा तुम्ही पोत्यावर गावाचं नाव का टाकत नाही?

"अगं पोतं कुठं आपलं असतंय," मामा म्हणाले, "बारदान अडत्याचं, त्यावर त्याचंच नाव छापलेलं."

मग यंदा माझ्यापुरती तरी दोन पोती यार्डात जायच्या आधीच उचलायची ठरवलीत. भाडं मी देणार, बारदान पण माझंच.