एसएमपीएस बसला, आणि स्टॉक कूलर एकदाचा सुटला

सुटला! माझ्या कंप्युटरच्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरवरचा स्टॉक कूलर (त्याच्यासोबत आलेला, त्याला थंड ठेवणारा पंखा आणि धातूचा ठोकळा) निघाला, प्रोसेसर सॉकेटमध्येच राहिला आणि पिना सरळ आहेत. ‘नवा एसएमपीएस, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणारा डबा, आला की तो बसवणं आणि कूलर बदलणं ही दोन्ही कामं एका बैठकीत उरकते’ असं मागच्या वेळी ऐटीत लिहिलं होतं. त्यातलं अर्धंच खरं झालं. उरलेल्या अर्ध्याने घाम काढला.

एसएमपीएसचं आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. ज्या डब्याला हात लावायची इतके महिने धास्ती होती, तो निमूटपणे बसला. मागचा स्विच बंद केला, वायर काढली, पॉवर बटण थोडा वेळ दाबून उरलासुरला चार्ज घालवला, चार स्क्रू फिरवले, झालं. जुना ४५० वॉटचा होता, नवा ६५० वॉटचा गोल्ड, फुल्ली मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबली सुट्या करता येणारा. जुना सेमी-मॉड्युलर (थोड्याच केबली सुटणारा) होता आणि त्याची साटा केबल, म्हणजे एसएसडीसारख्या ड्राइव्हला वीज देणारी, नव्या एसएमपीएसमध्येही अगदी बेमालूम बसते. पण नवशिक्यांनो, ती लावायची नाही! एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनेवर ५, याचा सर्वांसाठी ठरलेला असा नियमच नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. ५ च्या जागी १२ गेले की एसएसडी गेली. त्यामुळे जुन्या केबली जुन्या एसएमपीएसबरोबरच गुंडाळून माळ्यावर गेल्या. ग्राफिक्स कार्डाला दोन ८ पिन लागतात, तिथे एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या केबली ओढल्या. एक मत ठामपणे मांडते: गोल्डचा शिक्का फक्त वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. आतल्या संरक्षणाबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. मी तरी शिक्क्याआधी वॉरंटीची वर्षं बघितली.

आता तो कूलर.

एएम४ (या प्रोसेसरचं सॉकेट) वाल्यांना भानगड माहीत आहे. १३३१ पिना प्रोसेसरला, आणि त्याला वरून दाबून धरणारी फ्रेम नाही. सॉकेटने पिना धरून ठेवल्यात, तेवढाच काय तो आधार. कूलर सरळ वर ओढला आणि दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट घट्ट झालेली असली, तर पिना पकडणारा सॉकेटचा लिव्हर बंद असतानाच प्रोसेसर उपटून येतो. बरं, लिव्हर आधी उघडावा म्हटलं तर तो कूलरच्याच खाली. कारखान्यातून लावून आलेली माझी पेस्ट इतक्या वर्षांत वाळलेल्या डिंकासारखी झाली होती. स्क्रू काढून थंड कूलर डावीकडे-उजवीकडे फिरवायला गेले तर हललाही नाही, मदरबोर्ड मात्र करकरला. तिथेच हात मागे घेतला.

सगळे सांगतात तसं मग आधी गरम केलं. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी) चालवलं, मशीन बंद केलं आणि स्क्रूंकडे वळले. पण या स्टॉक कूलरला, म्हणजे स्टेल्थला, चार स्प्रिंगवाले स्क्रू आहेत, ते एकमेकांसमोरचे आळीपाळीने थोडेथोडे सैल करायचे. शिवाय शेवटचा स्क्रू निघाला की मदरबोर्डमागची बॅकप्लेट (स्क्रू जिच्यात बसतात ती पट्टी) खाली घसरते, म्हणून दुसरा हात मागे. एवढं होईपर्यंत कूलर पुन्हा कोमट. दाताचा धागा फटीत घालून पेस्ट कापायचीही युक्ती आहे. ती केली, पण धागा कडेलाच अडकून तुटला. हेअर ड्रायरने पंख्याच्या बाजूने वारा मारला, तर पंख्याचं प्लास्टिक तापलं आणि तळ होता तिथेच.

मग डोक्यात आलं की अडचण पेस्टची नाही, वेळेची आहे. तापवल्यानंतर जी कामं करतेय ती सगळी तापवण्याआधी उरकायला हवीत. बॅकप्लेटला मागून मास्किंग टेप लावून ती जागेवर पक्की केली. चारही स्क्रू एकेक करून सैल केले आणि पुन्हा बेताने आवळले, म्हणजे नंतर अडायला नकोत. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीपीयू फॅनचा वेग मुद्दाम खाली आणला! एरवी पंखा जोरात फिरतो, प्रोसेसर तापतो पण कूलरच्या ॲल्युमिनियममध्ये उष्णता साठत नाही. आता पूर्ण कूलर तापला. ३६०० ची मर्यादा ९५ अंश, तिथे तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणून फारशी भीती नव्हती. तरी तापमान दाखवणाऱ्या हार्डवेअर इन्फोवरून नजर हटवली नाही.

मशीन बंद, स्विच बंद, वायर बाहेर. चार स्क्रू भराभर निघाले. कूलर दोन्ही हातांनी धरून, वर अजिबात न ओढता, किंचित डावीकडे आणि किंचित उजवीकडे. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला आतून एक मऊसर ‘चर्र’ जाणवलं आणि कूलर घसरला. अहाहा!

पुढचं सरळ होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट. नवा सिंगल टॉवर कूलर १५५ मिमी उंच, माझ्या कॅबिनेटची मर्यादा १६०, म्हणजे झाकण कसंबसं लागलं. सोबतच्या माहितीपत्रकात एक अक्षर नाही, नुसती चित्रं, आणि तीही भिंगातून बघण्याजोगी. लांब दांड्याचा, चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर असल्या कामाला हातच घालू नका.

सिनेबेंच आर२३, दहा मिनिटं: आधी ८८ अंश, आता ६९. नुसतं बघत बसले.

एक खटकतंय. काहीच काम चालू नसताना मागून सतत घोंघावतं. मागचा फॅन जुना आहे, तो बदलायचाच असं ठरवून नवा शोधतही होते. पण हे लिहितानाच लक्षात आलं की तो तीन पिनांचा आहे! मदरबोर्डवरचं हेडर (फॅनची वायर लागते ती जागा) पीडब्ल्यूएम मोडवर, म्हणजे चौथ्या पिनेवरून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर, असेल तर तीन पिनांचा फॅन कायम पूर्ण वेगानेच पळणार, त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो. थांबा, बघून येते.

होय, पीडब्ल्यूएमवरच होता. डीसी (व्होल्टेजने वेग ठरवणारा मोड) केल्याबरोबर १४०० चे ७०० आरपीएम झाले. नव्या फॅनची खरेदी रद्द.

आता सीपीयू फॅन तेवढा मधूनमधून उसळतो, कारण रायझन क्षणभर बूस्ट झाला की तापमान टुणकन वर जातं आणि फॅन त्याच्यामागे धावतो. फॅन कर्व्ह (किती तापमानाला किती वेग) आजच नीट करणार होते, पण आधी ४५ वॉटचा एको मोड (प्रोसेसरची वीज मर्यादित करणारा) लावून सिनेबेंचचा स्कोअर किती पडतो ते मोजते. फार पडत नसेल तर कर्व्ह त्याच हिशेबाने आखेन. ३६०० वाल्यांनो, स्टेप-अप टाइम (फॅनने वेग वाढवण्याआधी थांबायचा वेळ) किती सेकंद ठेवलाय तेवढं सांगा.