इंग्लिश-स्पॅनिश व्याकरणात पीएचडी आणि पुढची नोकरी, माद्रिदचा माझा अनुभव

स्पॅनिश शिकलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना पुढे दोनच रस्ते दिसतात, कंपनीत भाषांतराचं काम नाहीतर स्वतःचे क्लासेस. भाषेवरच संशोधन करायचं हा तिसरा रस्ता, लांबचा आहे पण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी पुण्यात भाषाविज्ञानात एमए केलं, संध्याकाळी स्पॅनिश शिकत होते, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी2 पातळी दिली आणि मग माद्रिदच्या एका सरकारी विद्यापीठात आधी इंग्लिश भाषाविज्ञानाचं मास्टर्स आणि तिथंच पुढे पीएचडी. विषय असा की गोष्ट सांगताना बोलणारा त्यात नवीन माणूस कसा आणतो, आणि त्यासाठी वाक्याची मांडणी इंग्लिशमध्ये कशी बदलते नि स्पॅनिशमध्ये कशी.

इंग्लिशवरची पीएचडी स्पेनमध्ये कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पण तिथं या दोन भाषा शेजारी ठेवून बघायची परंपरा चांगली जुनी आहे, इंग्लिशच्या अभ्यासकांची आएदेआन ही संघटना 1976 पासून चालू आहे, आणि अँजेला डाउनिंग नि फिलिप लॉक यांचं इंग्लिश व्याकरणाचं जे पाठ्यपुस्तक आम्हाला होतं, 1992चं, त्यातल्या डाउनिंगबाई माद्रिदच्याच कोम्प्लुतेन्से विद्यापीठातल्या. इंग्लिश परकी म्हणून शिकवावी लागते तिथं तिच्या व्याकरणाकडे फार बारकाईने बघितलं जातं, असं माझं मत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. डिग्री आणि मार्कशीट आधी राज्य सरकारकडून अटेस्ट, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, मग स्पेन सरकारमान्य भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. हा क्रम उलटा करू नका, कारण अपोस्टीलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. पीएचडीच्या प्रवेशाला एकूण 300 क्रेडिट्स लागतात, त्यातले निदान 60 मास्टर्स लेव्हलचे, म्हणून आधी तिथलं मास्टर्स केलं तर गोष्टी सोप्या होतात, शिवाय गाईड कोण हवा तेही त्या वर्षात कळतं.

आता खरं काम. 1975 साली अमेरिकेत बर्कलीला भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांच्या गटाने साधारण सहा मिनिटांची एक फिल्म बनवली होती, तिच्यात संवाद एकही नाही, एक माणूस झाडावरून नासपती तोडतोय, सायकलवरून एक मुलगा येतो, टोपली उचलून निघून जातो, पुढे पडतो, दुसरी मुलं मदत करतात, एवढंच. ती दाखवायची आणि मग बघणाऱ्याला म्हणायचं की जे बघितलंत ते ज्याने बघितलं नाहीये त्याला सांगा. कितीतरी भाषांत हे झालंय. मी माद्रिदमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये लोकांकडून या गोष्टी रेकॉर्ड केल्या. 2018 पासून युरोपात डेटा संरक्षणाचे नियम कडक झालेत, म्हणजे प्रत्येकाची लेखी संमती, नावं काढून टाकायची, मूळ रेकॉर्डिंग कुठं ठेवणार तेही आधी लिहून द्यायचं. हे सगळं विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घेतल्याशिवाय पहिलं रेकॉर्डिंगसुद्धा करता आलं नाही, आणि ते बरोबरच आहे, आपण कुणाचा तरी आवाज घेत असतो.

मग ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ऐकून लिहून काढणं, ईलान नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक अडखळणं आणि थांबणं धरून. आणि इथं मला या विषयाची खरी ओढ लागली. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदाच्या नंतर येऊ शकतो, वाचून पुढे जातो आपण. पण माणसं बोलताना ऐकलं की कळतं ते कशासाठी आहे. मुलगा गोष्टीत पहिल्यांदा आला की स्पॅनिश बोलणारे म्हणतात आपारेथे उन निन्यो (‘येतो एक मुलगा’), क्रियापद आधी आणि मुलगा मागून, म्हणजे नवीन माहिती वाक्याच्या शेवटाकडे. इंग्लिशमध्ये कर्ता असा सहज हलवता येत नाही, म्हणून ते देअर्स (there's) लावून मुलाला मागे ढकलतात, देअर्स धिस बॉय ऑन अ बाइक. गरज एकच, पण प्रत्येक व्याकरणाने तिच्यासाठी आपापली वाट काढलीय, आणि एकेकटं वाक्य घेऊन बसलं तर हे दिसतच नाही, गोष्ट सलग ऐकावी लागते. आणि एकदा मुलगा ओळखीचा झाला की स्पॅनिशमध्ये कर्ता गायबच होतो, आपल्या ‘आला, बघितलं, टोपली उचलली, गेला’ सारखा, तर इंग्लिशला दर वाक्यात he, he करत राहावं लागतं. मराठी असल्याने कर्ता नसलेली वाक्यं मला कधी अपुरी वाटली नाहीत, याचा कामात खूप उपयोग झाला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला लेबलिंगने. प्रत्येक नामाला नवीन की ओळखीचं असं लेबल लावायचं, ऐकायला सोपं आहे. पण सायकल आधी आलीय आणि आता बोलणारा चाक म्हणाला, तर चाक नवीन की ओळखीचं? एलन प्रिन्स यांनी 1981 मध्ये अशांसाठी वेगळा वर्ग केला, आधीच्यावरून अंदाजाने कळणाऱ्या गोष्टींचा. तो घेतला तरी त्याची हद्द कुठं संपते यावर मी आणि माझी सहकारी तासन्तास भांडलो. दोघींनी स्वतंत्रपणे लेबलं लावायची, मग कोहेनचा कॅपा म्हणजे दोघींचं किती जुळलं ते सांगणारा आकडा काढायचा, 1 म्हणजे पूर्ण एकमत आणि 0 म्हणजे नाणं उडवल्यासारखं. आकडा कमी आला की नियम परत लिहायचे आणि परत सुरू. कंटाळवाणं वाटेल, पण या विषयातली प्रामाणिकता तिथंच ठरते असं मी मनापासून मानते.

पैशांचं. स्पेनमध्ये पीएचडीसाठी स्कॉलरशिपपेक्षा कॉन्ट्रॅक्ट बघा, जास्तीत जास्त 4 वर्षांचं असतं आणि त्यात सोशल सिक्युरिटी येते. 2019च्या नियमानुसार पगार पहिली दोन वर्षं ठरलेल्या श्रेणीच्या निदान 56 टक्के, तिसऱ्या वर्षी 60 आणि चौथ्या वर्षी 75. शिकवण्याचे तास वर्षाला 60च्या वर देता येत नाहीत. माद्रिदचं घरभाडं बघता पहिली दोन वर्षं ओढाताण होते, ते खोटं कशाला सांगू.

पीएचडीच्या पदवीवर इंटरनॅशनल मेन्शन म्हणजे आंतरराष्ट्रीय असा शेरा हवा असेल तर निदान 3 महिने स्पेनबाहेरच्या संस्थेत, थीसिसचा काही भाग स्पेनच्या अधिकृत भाषा सोडून दुसऱ्या भाषेत, आणि बाहेरच्या दोन तज्ज्ञांचे रिपोर्ट. मी इंग्लंडमधल्या लँकेस्टरला गेले, कारण 2014च्या बोली इंग्लिशचा बीएनसी कॉर्पस म्हणजे खऱ्या वापरातल्या भाषेचा साठा तिथल्या लोकांनी केलाय, 1 कोटीच्या वर शब्द, आणि सगळ्या खऱ्याखुऱ्या घरगुती गप्पा.

डिफेन्स म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा, ती सार्वजनिक असते, कुणीही येऊन बसू शकतं, आणि हजर असलेले डॉक्टरेटधारकही प्रश्न विचारू शकतात. माझ्या ट्रिब्युनलमध्ये म्हणजे परीक्षक मंडळात 5 जण होते. पहिलाच प्रश्न डेटाचा. इंग्लिशसाठी घरगुती गप्पा घेतल्या, स्पॅनिशसाठी कोर्पेस या स्पॅनिश कॉर्पसचा आधार घेतला, पण कोर्पेसमध्ये बोली भाग जेमतेम 10 टक्के, मग तुलना करायची कशी? मी सांगितलं की मुख्य निष्कर्ष फिल्मच्या गोष्टींवर उभे आहेत, कारण तिथं सगळ्यांसमोर घटना त्याच होत्या, आणि कॉर्पस फक्त ताडून बघायला वापरलाय. त्यावर बरीच चर्चा झाली आणि खरं सांगायचं तर मला ती फार आवडली, इतकी वर्षं ज्याचा विचार केला त्यावर पाच जाणकार माणसं मन लावून बोलतायत. कुम लाउदे या सर्वोच्च शेऱ्यासाठी सगळ्यांची गुप्त मतं एकमुखी लागतात, त्याचा निकाल नंतर वेगळा कळतो. मिळालं.

त्यानंतरचं आता बदललंय. आधी आयुदांते दोक्तोर म्हणजे पीएचडीनंतरच्या पहिल्या पायरीसाठी अनेका या विद्यापीठीय शिक्षकांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागायची, 2023च्या नव्या विद्यापीठ कायद्याने ती काढली, कॉन्ट्रॅक्ट 6 वर्षांचं केलं. मी सध्या त्यावरच आहे. कायम होण्यासाठी मात्र मान्यता लागतेच. त्यामुळं सेमिनारमध्ये बोललात, एखादा तास घेतलात, परिषदेत मदत केलीत, तर सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात मागून घ्या, नंतर ते लोक बदललेले असतात. आणि ज्या प्राध्यापकांना ईमेल करणार त्यांचा निदान एक लेख वाचून, त्यातल्या एखाद्या उदाहरणावर तुमचा खरा प्रश्न लिहून पाठवा, मला माझ्या गाईडचं उत्तर तशाच ईमेलला आलं होतं.