हॅलोविनला दारात मोठी मुलं आली की

मुलगा लहान होता तेव्हा हॅलोविन म्हणजे आमची नुसती पळापळ असायची. ३१ ऑक्टोबरला इकडे न्यू जर्सीत संध्याकाळी चांगलाच गारठा असतो, त्यामुळे हौसेने आणलेल्या स्पायडरमॅनच्या ड्रेसवर जॅकेट घालायचं की नाही यावरून आधी रडारड, मग ज्या घरांचा पोर्चचा दिवा चालू असेल त्यांच्या बेल वाजवत, चॉकलेटं मागत गल्लीभर फिरायचं (दिवा बंद असेल तर त्या घरी जायचं नाही, हे इकडे सगळ्यांना ठाऊक असतं). घरी आलं की खरी मजा, हॉलमध्ये कार्पेटवर अख्खी पिशवी उपडी करायची, किटकॅटचा ढीग इकडे, स्निकर्सचा तिकडे, आम्ही शाकाहारी म्हणून जिलेटिनवाले गमी आणि मार्शमेलो बाजूला, मी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत बसायचे आणि तोवर हा एकेक तोंडात टाकत सुटायचा. काळजी काय ती एवढीच, की एखादं पाकीट फाटलेलं नाही ना.

आता तो पंधराचा झालाय, आवाज फुटलाय, उंचीत बापाच्या वर गेलाय, आणि मित्रांबरोबर जातो, आम्ही सोबत नको असतो. ते ठीकच आहे. पण आता मला चॉकलेटची भीती वाटत नाही, अंधारात हुडी घालून अनोळखी दारात उभ्या असलेल्या माझ्या उंच, सावळ्या पोराकडे आतला माणूस कुठल्या नजरेने बघेल याची वाटते. आणि हे उगाच मनात आलेलं नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला योशिहिरो हात्तोरी नावाचा १६ वर्षांचा जपानी मुलगा, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून आलेला, हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घराची बेल वाजवली, तर घरमालकाने त्याला गोळी घातली. तो माणूस पुढे फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. त्या मुलाचे आईवडील मात्र नंतर अमेरिकेतल्या बंदुका कमी व्हाव्यात म्हणून झटत राहिले. मुलगा लहान असताना ही गोष्ट वाचली असती तर वाईट वाटून विसरून गेले असते, आता त्या आईचा विचार डोक्यातून जात नाही.

मग पाठवूच नका असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. पंधरा वर्षांची मुलं त्या रात्री चॉकलेटं मागत फिरतायत यापेक्षा चांगलं काय असणार हो, बाकी काय काय करू शकतात या वयात! तरी मोठी मुलं दिसली की लोक कपाळाला आठ्या घालतात, व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात तर बारा वर्षांवरच्या मुलांनी ट्रिक ऑर ट्रीट केलं, म्हणजे असं दारोदार चॉकलेटं मागितली, तर तुरुंगापर्यंतची शिक्षा कागदावर होती, २०१९ मध्ये ती काढली आणि वयाची अट १४ केली.

म्हणून हल्ली त्या संध्याकाळी मी दारात खुर्ची टाकून बसते. 'एकच घ्या' अशी पाटी लावून चॉकलेटांचा वाडगा बाहेर ठेवून देणं मला आवडत नाही, कोण आलं ते बघायचं, दोन शब्द बोलायचे. २०२४ ला इकडे लक्ष्मीपूजन ३१ लाच आलं होतं, पोर्चवर भोपळा, पणत्या, रांगोळी सगळं एकत्र. नऊ वाजून गेल्यावर तीन मोठी पोरं आली, सोंग कसलंच नाही, हातात उशीचे अभ्रे, आणि पुटपुटल्यासारखं 'ट्रिक ऑर ट्रीट'. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून तिघंही बाजूने, गवतावरून आली, कोणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक पणतीकडे बघून म्हणाला, हे तेलावर जळतं का? मग काय, मी त्याला वात दाखवली, दिवाळीचं सांगितलं, आणि मूठमूठ भरून चॉकलेटं दिली, माझा पोरगा त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभा होता.

तेव्हा इकडे नव्याने आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आठ वाजता दिवा बंद करू नका. लहान मुलं लवकर आटोपतात, मोठी उशिरा येतात, सोंग नसलं तरी त्यांना द्या, वय विचारू नका. आणि किटकॅट, स्निकर्स सगळे आधीच वाटून टाकू नका, त्यांच्यासाठी थोडे मागे ठेवा.