पंखा फिरत होता, तरी गाडी तापत होती

ऐन मे महिन्यात कासारवडवलीचे एक काका 1999 ची मारुती 800 घेऊन आमच्या ठाण्यातल्या गॅरेजवर आले. घोडबंदर रोडला गाडी पळत असेल तर तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली. गायमुखच्या चढाला ट्रॅफिकमध्ये अडकली की दहा मिनिटांत लालवर. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि शेवटच्या मिस्त्रीने हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवायला लागेल असं सांगितलं होतं.

पळताना ठीक आणि उभी राहिली की तापते, असं असेल तर आधी वाऱ्याकडे बघायचं. पळत्या गाडीत समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा पाण्याचा पंप कमी पडत असेल, तर गाडी वेगात आणि चढाला जास्त तापते.

तरी गॅस्केटची शंका आधी मिटवली. गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. सकाळी झाकण काढून, पाणी काठोकाठ भरून इंजिन चालू केलं. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. इथे सुरुवातीला दोन-चार आले, मग काही नाही. ऑइल मोजायच्या पट्टीवरचं (डिपस्टिक) ऑइल स्वच्छ, दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही. हेड उतरवायचं कारणच नव्हतं.

पंख्याची वायर डायरेक्ट केलेली होती, चावी फिरवली की पंखा चालू. आवाजही जोरात. म्हणूनच तिकडे कोणी परत बघितलं नसावं. मी वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीसमोर धरलं. या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा. तो फडफडत माझ्याच अंगावर आला. जाळीतून गरम हवा बाहेर येत होती.

पंख्याची मोटर नवी होती. मूळ कनेक्टर कापून वायरी पिळून टेप मारलेली, आणि त्यातच प्लस-मायनस उलटे झालेले. डीसी मोटर उलट्या जोडणीनेही तितक्याच जोमाने फिरते, फक्त उलटी. पात्यांचा बाक एकाच दिशेचा असल्यामुळे हवा कमी सरकते, आणि जी सरकते ती इंजिनवरून तापलेली, रेडिएटरवर मागून येणारी. पुढची चुकीची कामं यातूनच झाली. मोटर बदलूनही गाडी तापते म्हणून थर्मो स्विचवर, म्हणजे पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या स्विचवर, संशय आला आणि पंखा डायरेक्ट झाला. तरीही तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला गेला. त्यामुळे सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागायचा, पेट्रोलही जास्त जात होतं.

दोन वायरी अदलाबदल केल्या, सोल्डर करून स्लीव्ह चढवली. कागद जाळीला घट्ट चिकटला!

जुना थर्मो स्विच पातेल्यातल्या पाण्यात तापवून मल्टीमीटरने तपासला. तो चांगलाच निघाला, परत जोडला. थर्मोस्टॅट नवा, 82 अंशांना उघडणारा. तोही बसवण्याआधी त्याच पातेल्यात उघडताना बघून घेतला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं आणि 0.9 बारऐवजी निम्मा दाबही धरत नव्हतं. तेवढा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. या छोट्याशा वस्तूकडे दुर्लक्ष करू नका.

आतलं पाणी वीटकरी रंगाचं होतं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की आत क्षार धरतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश केलं आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं साडेतीन लिटरच्या आसपास भरलं. भरताना गाडीचं तोंड जॅकने उचललं, म्हणजे हवा झाकणाकडे येते. हवेचा फुगा आत राहिला तर सगळं नीट असूनही काटा चढतो.

मग दुपारच्या उन्हात चाळीस मिनिटं जागेवर चालू ठेवली. पंखा आपोआप लागत होता, बंद होत होता. काटा निम्म्याच्या पुढे गेला नाही. संध्याकाळी ऐन गर्दीत काकांना शेजारी बसवून गायमुखपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत कूलंटची पातळी थोडी उतरली होती, राहिलेली हवा निघाली की तेवढी उतरतेच. कपभर घातलं आणि काकांना सांगितलं, "आठवडाभर रोज सकाळी झाकण न उघडता बाजूच्या बाटलीवरची खूण तेवढी बघा."