2500 चा पीटी आणि सरकारच्या पुरवण्या

जून आला की सीएचा मेसेज, पीटी भरा, 30 तारखेच्या आत. व्यवसाय कर हो, वर्षाला 2500. आमच्या गल्लीतल्या टेलरला पण 2500 आणि मुंबईत बसलेल्या मोठ्या कंपनीच्या डायरेक्टरला पण 2500च, कारण घटनेच्या कलम 276 प्रमाणे त्याहून जास्त घेताच येत नाही. मोठ्यांसाठी वरची मर्यादा आहे, छोट्याचं किती कमवतो ते कोणी विचारतच नाही.

महाराष्ट्राचा हा कायदा 1975 चा. 72 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा उभा करायचा म्हणून लावला, आणि ते काम खरंच मोठं होतं, त्यावर काही बोलायचं नाही. पण 2006 पासून केंद्राची योजना आली, मजुरीचा मोठा वाटा दिल्लीतून यायला लागला, तरी कर आहे तिथंच. राजस्थान, हरियाणा, दिल्ली, शेजारच्या गोव्यात हा करच नाही, तिथली सरकारं काय बंद पडली का?

बरं पैशापेक्षा कटकट जास्त. दुकानात एक पोरगा ठेवला, पगार 10 हजाराच्या वर गेला की महिन्याला 200 कापा, फेब्रुवारीत 300, त्यासाठी रजिस्ट्रेशन वेगळं, रिटर्न वेगळं. वर्षाचे झाले 2500 आणि रिटर्न महिन्यापेक्षा जास्त लांबलं तर लेट फी 1000! (बायकांना 25 हजारापर्यंत माफ केलंय 2023 पासून, तेवढं बरं केलं.)

छोट्यांना पीटी माफ करा म्हटलं की कोणी म्हणेल तिजोरीत खडखडाट आहे, माफ कसं करणार. मार्च 2025 च्या बजेटमध्ये राज्याची महसुली तूट (रोजच्या कारभाराचा खर्च उत्पन्नापेक्षा जेवढा जास्त तेवढी) 45,891 कोटी दाखवली, आणि त्यानंतर चार महिने पण झाले नाहीत तोवर पावसाळी अधिवेशनात 57 हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वर मागितलेला जादा पैसा! मग मार्चमध्ये मांडलं ते काय होतं? पूर, दुष्काळ अचानक येतात हे मान्य, पण सगळंच अचानक कसं येतं. लाडकी बहीणचे 1500 गरजू बाईला मिळावेत, त्यातले बरेच आमच्याच दुकानांत येतात, पण आधी पैसे वाटले आणि मग तपासलं तेव्हा सरकारी नोकरीतल्या बायका पण यादीत निघाल्या. ही तपासणी आधी करायला कोणी अडवलं होतं?

समजा 10 लाख छोट्या धंद्यांचा पीटी पूर्ण माफ केला, तर होतात 250 कोटी. त्या पुरवण्यांच्या अर्धा टक्का पण नाही. जीएसटीत मालाच्या धंद्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, तीच रेघ पीटीला लावा, नवीन काही शोधायची गरज नाही. आणि पुरवणी मागणी मांडताना पैसा कुठून आणणार ते त्याच कागदावर लिहा, आम्ही बँकेत लोन मागायला गेलो की आम्हाला पहिलं तेच विचारतात.